रेनकोटाखालचा कॅमेरा

जुलैतली संध्याकाळ, आडवातिडवा पाऊस, आणि एका चौकात मला ट्रॅफिकच्या मामांनी बाजूला घेतलं. चौकाचं नाव सांगत नाही. ज्याने त्याने आपापला चौक घालून वाचावं. सिग्नल पिवळा होता असं माझं म्हणणं, लाल होता असं त्यांचं. असे वाद पुण्यात सकाळ-संध्याकाळ होतात आणि त्यांचा निकाल चलनानेच लागतो. पण त्या दिवशी मला मामांच्या छातीवर, रेनकोटाच्या आत, काडेपेटीएवढा फुगवटा दिसला. म्हटलं, "मामा, कॅमेरा आहे ना? मग बघू की त्यात, सिग्नल कुठला होता ते." त्यांच्या डब्यातली भाजी मागावी तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तो आमच्यासाठी आहे," ते म्हणाले, "तुमच्यासाठी नाही." मग जरा मऊ आवाजात, "आणि पावसात चालू ठेवत नाही. पाणी जातं."

चलन आलं, दंड भरला. बहुधा लालच असावा. त्याबद्दल तक्रार नाही. पण 'तो आमच्यासाठी आहे' हे वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण मामा अगदी खरं बोलत होते.

हा कॅमेरा नेमका कोणासाठी, हे कुठे लिहून ठेवलंय का ते मी घरी येऊन शोधायला लागलो. कायद्यात त्याचा उल्लेख सापडला तो केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यात १६७-अ हा नियम आला. वेग टिपणारे कॅमेरे, स्पीडगन, डॅशबोर्डवरचा कॅमेरा यांच्या पंगतीत अंगावर लावायचा कॅमेराही अंमलबजावणीचं इलेक्ट्रॉनिक साधन म्हणून बसवलेला आहे. नियम तसा नेटका आहे. चित्रणावर जागा, तारीख आणि वेळ उमटलेली हवी. साधनाला राज्याने नेमलेल्या यंत्रणेचं प्रमाणपत्र हवं, आणि तेही दरवर्षी नव्याने. कॅमेरे असलेल्या रस्त्यावर आधी तसा फलक हवा. नोटीस पंधरा दिवसांत पोचली पाहिजे आणि चलन निकाली निघेपर्यंत नोंद जपून ठेवली पाहिजे. सोबतच्या यादीत देशातली १३२ शहरं आहेत, महाराष्ट्रातली १९, आणि त्यांत पुणे आहेच.

म्हणजे माझ्या लाल सिग्नलची काळजी कायद्याने पुरेपूर वाहिली आहे. मामा माझ्याशी काय बोलले, 'दोनशेत मिटवू' अशी भाषा झाली का, कोणी कॉलर धरली का, याबद्दल त्यात शब्द नाही. असायचं कारणही नाही, तो नियम चलनासाठी केलेला आहे. पण मग चलनापलीकडच्या कॅमेऱ्याचं काय?

पोलिसांच्या छातीवर कॅमेरा लावायला माझा विरोध नाही. उलट तो सगळ्यांच्या छातीवर लागावा असं वाटतं. मात्र तो कधी चालू, कधी बंद, चित्रण कोणाच्या ताब्यात आणि मी मागितलं तर मला मिळणार की नाही, हे जोवर जाहीर नियमाने ठरत नाही तोवर तो पोलिसांच्या बाजूचा आणखी एक साक्षीदार आहे. आणि पोलिसांच्या बाजूच्या साक्षीदारांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती.

मी स्वतः एकदा तसा साक्षीदार झालोय. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत घरफोडी झाली, तेव्हा खालच्या मजल्यावरून वर बोलावून मला पंच केलं. पंच क्रमांक दोन. हवालदार कार्बन घालून लिहीत होते. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच' ही सुरुवात त्यांच्या हाताला इतकी सवयीची की लिहिता लिहिता ते चहा सांगत होते. पुढे लिहिलं, कपाटाचं कुलूप कशाने तरी उचकटलेलं दिसलं. वास्तविक कुलूप उचकटलेलं नव्हतं. काकू किल्ली कपाटालाच लावून गावाला गेल्या होत्या, हे अख्ख्या मजल्याला माहीत होतं. मी तसं म्हणालो. "साहेब, आता लिहिलंय, खाडाखोड चालत नाही." मी सही केली. चार पानांवर चार सह्या, आणि प्रत्येक सहीच्या वर मजकूर वाचून खरा असल्याचं माझंच निवेदन. चोर सापडला नाही म्हणून बरं, नाहीतर न्यायालयात उभं राहून मला त्या कुलपाची शपथ घ्यावी लागली असती.

कागदी पंचनाम्याची ही अवस्था कायदा करणाऱ्यांना माहीत नव्हती असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये झडती आणि जप्तीचं ध्वनि-चित्रमुद्रण करायला सांगितलं आहे. यादी करणं, पंचांच्या सह्या घेणं, सगळं कॅमेऱ्यासमोर. त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं ॲपही आहे. त्या कलमातलं मला सर्वांत आवडलेलं वाक्य मात्र शेवटचं आहे: हे मुद्रण पोलिसांनी विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. चित्रण कुठे जाणार हे कायद्यानेच सांगून टाकलं, ज्याने काढलं त्याच्या कपाटात ते राहणार नाही. झडतीच्या बाबतीत जे सुचलं ते चौकातल्या, नाकाबंदीतल्या, रात्री दोन वाजता वाजलेल्या दारावरच्या बाबतीत का सुचू नये?

आता त्या भिंगाकडे जरा नीट बघू. छातीवरच्या कॅमेऱ्यात पोलीस दिसतच नाही. दिसतो तो समोरचा माणूस: घामाघूम, चिडलेला, हातवारे करणारा. पोलिसाचा फक्त आवाज येतो, मधूनच हात दिसतो. झटापट झाली की चित्र हलायला लागतं आणि हलत्या चित्रात समोरचा आहे त्यापेक्षा जास्त अंगावर आल्यासारखा वाटतो. नाक्यावरच्या खांबावरचा कॅमेरा दोघांना सारखंच दाखवतो. हा कॅमेरा एकाच्या डोळ्यांनी बघतो. म्हणून त्याच्या नियमांची जास्त गरज आहे. ज्याची बाजू आधीच घेतली गेली आहे, त्याच्याच हातात बटणही द्यायचं का, हा प्रश्न आहे.

या बटणाबद्दल जगात बराच अभ्यास झाला आहे. कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो नावाच्या लहानशा शहरात २०१२-१३ मध्ये वर्षभर प्रयोग झाला. पोलिसांकडून होणारा बळाचा वापर सुमारे निम्म्यावर आला, त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी तर नव्वद टक्क्यांच्या आसपास घटल्या. ही आकडेवारी हातात घेऊन जगभर कॅमेरे खपले. पुढे वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून जास्त पोलिसांवर मोठा प्रयोग झाला. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: सांगण्यासारखा फरक नाही. मग कोणाचं खरं मानायचं? मला या दोन्हींपेक्षा एक तिसरा अभ्यास उपयोगाचा वाटतो. २०१६ मध्ये दहा प्रयोग एकत्र ठेवून संशोधकांनी बघितलं, की कॅमेरा चालू करण्याचा नियम पोलिसांनी पाळला तिथे काय झालं आणि मर्जीने चालू-बंद केला तिथे काय. नियम पाळला तिथे बळाचा वापर ३७ टक्के घटला. मर्जी चालली तिथे ७१ टक्के वाढला. वाढला! कॅमेरा अजिबात नसता तर बरं, अशी गत झाली. वाद चिघळल्यावर, भांडणाच्या मधोमध कॅमेरा चालू केला की समोरचा आणखी भडकतो. आणि सुरुवात कोणी केली ते चित्रणात येतच नाही.

बाल्टिमोरमध्ये २०१७ साली एक पोलीस याच बटणाने पकडला गेला. बटण दाबण्याआधीच्या तीस सेकंदांचं चित्रण त्याचा कॅमेरा आवाजाशिवाय आपोआप साठवून ठेवायचा. हे तो विसरला. स्वतःच अमली पदार्थाची पुडी ठेवायची, बाहेर यायचं, कॅमेरा चालू करायचा आणि मग 'शोधायला' जायचं, असा त्याचा बेत. मागची तीस सेकंदं नसती तर ते चित्रण न्यायालयात भक्कम पुरावा म्हणून गाजलं असतं. आपल्याकडे कॅमेरे खरेदी करताना निविदेत मेगापिक्सेल पाहतात, बॅटरी पाहतात. ही मागची तीस सेकंदं कोणी मागतं का, मला शंका आहे.

तेव्हा नियमाची पहिली ओळ अशी हवी: गाडीला हात केला, दारावर थाप मारली, ११२ वरून कॉल घेऊन निघाले, की कॅमेरा चालू. काम संपून माणूस सुटला किंवा ठाण्यात पोचला की बंद, आणि मध्ये बंद करायचा असेल तर का, ते तोंडाने बोलून बंद. 'आता पीडितेचा जबाब घ्यायचा आहे, म्हणून बंद करतो.' एवढं एक वाक्य रेकॉर्ड झालं तरी पुष्कळ काम होतं.

आणि चालू नसेल तर? इथे आपले बहुतेक नियम गळपटतात. 'कसूर आढळल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल' असं लिहायचं आणि फाईल बांधायची. वास्तविक उत्तर जुन्या पुरावा कायद्यातच पडून आहे. त्याच्या कलम ११४ मधलं 'छ' (इंग्रजी प्रतीत 'g') हे उदाहरण, नव्या साक्ष अधिनियमात ते कलम ११९ मध्ये आलं आहे, सांगतं की हजर करता येण्यासारखा पुरावा एखाद्याने हजर केला नाही, तर तो त्याच्याविरुद्ध गेला असता असं न्यायालय गृहीत धरू शकतं. वाराणसीतल्या हॉटेलमध्ये झालेल्या मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हेच सूत्र लावलं. हॉटेलचं सीसीटीव्ही चित्रण असताना ते पोलिसांनी दिलं नाही, म्हणून दोन इटालियन आरोपी सुटले. हाच न्याय छातीवरच्या कॅमेऱ्याला लावा. कॅमेरा दिलेला होता, चालू करायची वेळ होती, चित्रण नाही. तर त्या प्रसंगापुरतं नागरिकाचं म्हणणं खरं धरून चौकशीला सुरुवात व्हावी आणि ते खोडायचा भार पोलिसांवर असावा. बॅटऱ्या आपोआप चार्ज व्हायला लागतील.

हे कडक वाटत असेल तर दोन प्रसंग आठवा. २३ सप्टेंबर २०२४ ला बदलापूर प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने हत्यार हिसकावलं असं पोलिसांचं सांगणं. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या सांगण्यावर शंका घेतली आणि उच्च न्यायालयात त्यावरून बराच खल झाला. गुन्हा किळसवाणा होता आणि त्या दिवशी पेढे वाटणारे कमी नव्हते. पण बंद गाडीत पोलीस आणि त्यांच्या ताब्यातला एक माणूस असताना काय घडलं ते गोळीच्या कोनावरून आणि बोटांच्या ठशांवरून शोधावं लागतं, हे एकविसाव्या शतकातलं दृश्य नव्हे. दुसरा प्रसंग आपल्याच शहरातला. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. त्यानंतरच्या पहिल्या काही तासांत काय काय झालं यावर शहर आजही बोलतं. रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल पुढे उघड झाली. वरिष्ठांना आणि नियंत्रण कक्षाला वेळेत कळवलं नाही म्हणून येरवडा पोलीस ठाण्यातले दोन अधिकारी निलंबित झाले. घटनास्थळी पहिल्यांदा पोचलेल्या पोलिसाच्या छातीवर चालू कॅमेरा असता आणि त्याचं चित्रण ठाण्याबाहेर साठत असतं, तर त्या रात्री कोणाला काय दिसलं, कोण कोणाशी बोललं, हे नंतर जोडत बसावं लागलं नसतं. आणि ज्या पोलिसांनी काही वावगं केलं नाही त्यांच्याकडेही शहराने संशयाने बघितलं नसतं.

'ठाण्याबाहेर साठत असतं' हे मी मुद्दाम म्हटलं. ठाण्याच्या आत साठवण्याचा प्रयोग आपण करून पाहिला आहे. डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं. दारं, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, एकही कोपरा सुटू नये, चित्राबरोबर आवाज हवा, रात्रीही दिसलं पाहिजे, आणि चित्रण दीड वर्ष, जमतच नसेल तर निदान एक वर्ष जपायचं. देखरेखीला राज्य आणि जिल्हा पातळीवर समित्या. इतका तपशीलवार आदेश विरळा. पाच वर्षं होत आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. नेमकं चित्रण हवं असतं त्याच वेळी बंद पडण्याची खोड या यंत्राला कुठून लागते, हे विजेच्या अभियंत्यांनी सांगावं.

म्हणून ज्याची चौकशी व्हायची त्याच्या कुलपात चित्रण नको. ड्यूटी संपली की कॅमेरा खोबणीत ठेवायचा, चित्रण आपोआप उतरून पोलीस ठाण्याच्या आवाक्याबाहेरच्या सर्व्हरवर जायचं, आणि तिथे कोणी कधी उघडलं याची नोंद राहायची. त्यावरच्या प्रत्येक फाईलचा हॅश, म्हणजे एक अक्षर बदललं तरी बदलणारा तो आकडा, लगेच निघावा. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रात तो द्यावाच लागतो. प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक पुरावा चालत नाही, हे ज्या निकालाने पक्कं झालं तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून आलेला आहे, २०२० चा खोतकर-गोरंट्याल निकाल. महाराष्ट्राला हे धडे नवे नाहीत.

नागरिकाला प्रत मिळण्याचा मुद्दा याहून अवघड. माहितीच्या अधिकारात अर्ज केलात तर कलम ८(१)(ज) पुढे येतं, तपासात अडथळा येईल म्हणून नकार. काही वेळा ते योग्यही असतं. पण ज्याला थांबवलं, ज्याची झडती घेतली, ज्याच्या घरात शिरले, तो त्या चित्रणातला परका माणूस नाही. स्वतःच्याच चित्रणाची प्रत त्याला ठराविक दिवसांत मिळावी आणि नाकारायची असेल तर लेखी कारण देऊन, अपील करता येईल अशी. तक्रार आली की ते चित्रण पुसण्याची मुदत तिथेच गोठावी. राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, ते निवृत्त न्यायमूर्तींच्या हाताखालचं. चित्रण थेट मागवण्याचा अधिकार त्याला द्यायला काय हरकत आहे?

तोवर आपला मोबाईल आपल्या हातात आहेच. मिनियापोलिसमध्ये २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला तेव्हा पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात मात्र त्याला वैद्यकीय त्रास झाला असं होतं. जगाला खरं कळलं ते फुटपाथवरच्या एका शाळकरी मुलीच्या मोबाईलमुळे. आपल्याकडे पोलीस ठाण्यात मोबाईल काढला की शासकीय गुपितांच्या कायद्याचा धाक दाखवायची पद्धत होती. वर्ध्याच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं, की १९२३ च्या त्या कायद्यात सांगितलेलं 'प्रतिबंधित ठिकाण' म्हणजे पोलीस ठाणं नव्हे. हा निकाल प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर, लाच देऊ नका या फलकाशेजारी, लावायला हवा.

आता मामांची बाजू. ती मला खरोखर महत्त्वाची वाटते, आणि ती मांडल्याशिवाय असले लेख लिहिणारे आम्ही लोक जरा सोयीपुरतंच बोलणारे ठरतो. बारा-बारा तास उभं राहायचं. हेल्मेट या विषयावर ज्या शहराने दोन दशकं तात्त्विक भूमिका घेतली त्या शहराला हेल्मेट घालायला लावायचं. गाडी अडवली की माणूस खिशातून मोबाईल काढतो, नंबर लावतो आणि म्हणतो, "बोला जरा साहेबांशी." हा पुण्यातला सर्वांत मोठा वाहतूक नियम. समोर नगरसेवक असतो, कोणाचा तरी मेहुणा असतो, कधी वरचे साहेबच असतात. त्या फोनचं चित्रण व्हायला लागलं, आणि 'सोडून दे' म्हणणारा आवाज नोंदीत यायला लागला, तर सर्वांत जास्त सुटका मामांचीच होईल. काचेला लटकलेल्या पोलिसाला फरफटत नेणाऱ्या गाड्यांच्या बातम्या आपण वाचतोच. त्या खटल्यांतही कॅमेरा त्यांच्याच कामाचा.

पण मग त्यांनाही अब्रू आहे, हे नियमात हवं. शौचालयात, जेवताना, घरी फोन करताना कॅमेरा बंद ठेवायचा हक्क. चित्रण काढून फक्त चुका शोधत बसणाऱ्या वरिष्ठांपासून संरक्षण. पट्टा सैल दिसला म्हणून वेतनवाढ रोखायला हे चित्रण वापरू नये, हे लिहूनच ठेवावं. नाहीतर मामा बॅटरी उतरवूनच ठेवतील आणि मी त्यांना दोष देणार नाही.

घराच्या उंबऱ्याआतली गोष्ट वेगळी आहे. मारहाण झालेली बाई दार उघडते तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या सुजलेल्या चेहऱ्यावर भिंग रोखलेलं असतं. अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत बाल न्याय कायदा आणि पॉक्सो आहेत. हे सगळे कायदे बातमीत, माध्यमांत येणारं नाव आणि फोटो डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेत. कॅमेऱ्याचा नियम त्यांना जोडून घ्यावा लागेल: तिला विचारा, ती नको म्हणाली तर फक्त आवाज, तोही तिने मान्य केला तर.

आणि मोर्चा. अलका चौकात माणसं घोषणा देत असताना शंभर छात्यांवरचे शंभर कॅमेरे त्यांचे चेहरे टिपत असतील, तर तो बंदोबस्त राहिला की हजेरीपट? राज्य सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी 'मार्व्हल' नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी उभी केली आहे. उद्या हे चित्रण तिच्या यंत्रात घालून कोण कुठल्या मोर्चात होतं याची यादी निघू नये, याची हमी आज तरी कुठे आहे? वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणा वगळण्याची मोकळी वाट आहे. चेहरा ओळखणारी यंत्रं या चित्रणाला लावायची नाहीत, ही ओळ आत्ताच लिहिली पाहिजे; नंतर लिहायला कोणी बसणार नाही.

चित्रण बाहेर न येण्याची जितकी भीती, तितकीच सोयीने बाहेर येण्याची. कोयता घेऊन गाड्या फोडणाऱ्या पोरांना त्याच गल्लीतून, लंगडत, माफी मागत चालवलं जातं आणि तासाभरात त्याचा व्हिडिओ पार्श्वसंगीतासह माझ्या बहिणीच्या ग्रुपवर येतो. गल्लीतल्या लोकांचा राग मी समजू शकतो, माझीही काच फुटलीय. पण यावरून एक कळतं: पोलिसांना दाखवायचं असलं की चित्रण मिळायला तासही लागत नाही. नागरिकाने मागितलं की तांत्रिक कारण. नियमात दोघांसाठी एकच घड्याळ असावं. न्यायालयाच्या किंवा तक्रार प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय पोलिसांनी एकही क्लिप लोकांत पसरवता कामा नये. फुशारकी मारायलाही नाही.

पैशांचा प्रश्न येणारच. ढोबळ हिशेब मांडू. हजार कॅमेरे, दिवसाला प्रत्येकी चार तास चित्रण, तासाला एक जीबी. दिवसाला चार टीबी. ठाण्यातल्या सीसीटीव्हीसारखं दीड वर्ष ठेवायचं तर दोन हजार टीबींच्या वर. हे फुकट होत नाही, आणि सगळं ठेवायची गरजही नाही. ब्रिटनमध्ये कोणत्याही गुन्ह्याशी किंवा तक्रारीशी संबंध नसलेलं चित्रण साधारण ३१ दिवसांत पुसतात. इथे तीन महिने ठेवा. आपल्याला तक्रार करायचं धैर्य गोळा करायला तेवढा वेळ लागतोच. बाकी पुसा. न पुसलेलं चित्रण साठत गेलं की त्याचा मोह होतो.

हे सगळं पोलीस आयुक्तालयाच्या अंतर्गत परिपत्रकात दडवून ठेवायचं नाही. मसुदा मराठीत, जाहीर, हरकती आणि सूचना मागवून. विकास आराखड्यावर हरकतींचा पाऊस पाडणारं हे शहर आहे. एका झाडाच्या फांदीवरून सात पानी निवेदन देणारे लोक इथे पेठेपेठेत आहेत, आणि त्यांना निवृत्तीनंतर वेळही भरपूर आहे. आमच्या सोसायटीतले एक आजोबा तर कलमवार लिहून, टाचणी लावून, पोचपावती घेऊन ठेवतील.

माझी हरकत मी आत्ताच लिहून ठेवली आहे. क्रमांक एक: कॅमेरा चालू असल्याचा लाल दिवा समोरच्या माणसाला दिसेल अशा जागी असावा. शिट्टीच्या दोरीमागे नसावा, मफलरखाली नसावा. जून ते सप्टेंबर या काळात तो रेनकोटाच्या वर लावता येईल असा, पाणी न जाणारा कॅमेराच खरेदी करावा.